अकरा पायऱ्या आणि एक आखूड पाय

मी शिडी बोलतेय. वर चढणाऱ्याचं सगळे कौतुक करतात आणि शिडीला कुणी विचारत नाही, असलं रडगाणं मी गाणार नाही. मला विचारणारे दोन जण आहेत. मधल्या काळात ते दोघं एकमेकांनाच विचारेनासे झाले होते, त्या दिवसांची ही हकिकत आहे.

पण आधी माझ्या जन्माबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

शेजारी शेजारी दोन घरं. मध्ये छातीइतक्या उंचीची भिंत. एका घरात सर राहतात. इथून दहा मिनिटांवरच्या शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. दुसऱ्या घरात मिस्त्री. नळाचं काम करतात, अजूनही करतात. भिंतीच्या शेवटाला विटांचे चार उंच खांब आहेत आणि त्यांच्यावर पाण्याची टाकी. दोन्ही घरांत मिळून एकच. दोघांनी मिळून ती बसवली, आणि बसवून झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं की वर चढायला काहीच नाही.

म्हणून मी. शाळेचं जुनं छप्पर त्या सुमारास उतरवलं होतं. त्यातले दोन सरळ वासे सर खांद्यावर घालून घेऊन आले. ते माझे दोन पाय. मिस्त्रींनी कामावरच्या उरलेल्या लोखंडी पाइपचे अकरा तुकडे कापले. त्या माझ्या पायऱ्या. म्हणजे शाळा हे माझं माहेर, आणि अंगावरचे दागिने मिस्त्रींकडचे.

आता ऐका गंमत. वाशांची लांबी सारखी करायची होती. सरांनी शाळेतली लाकडी पट्टी आणली आणि डावा वासा मापला. मिस्त्रींनी खिशातला लोखंडी टेप काढला आणि उजवा मापला. एकच माप दोन्हीकडे लावावं, हे दोन शहाण्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. मला उभी केली तर मी डुगडुगले. डावा पाय बोटभर आखूड.

"तुझी पट्टी झिजलीय," मिस्त्री म्हणाले.

"तुझा टेप ताणलाय," सर म्हणाले.

तेव्हापासून तीस वर्षं हा वाद चालला. आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण तुकडा ठोकणं म्हणजे तो पाय आखूड आहे हे मान्य करणं, आणि सरांच्या मते तो आखूड नव्हताच, दुसरा लांब होता. त्यामुळे मी आहे तशीच राहिले. एकट्यानं चढायला गेलं की आखूड पाय फरशीवर आपटतो, टक टक, टक टक. खाली कुणीतरी धरून उभं राहिलं तरच मी गप्प. म्हणजे चढणारा एक आणि धरणारा एक, अशी दोघांची जोडी मी जन्मतःच बांधून टाकली. मुद्दाम नाही हो, पायच तसा.

दोघांचं राजकारण मात्र उत्तर दक्षिण. मला वाचता येत नाही, मी पक्ष झेंड्यांवरून ओळखते. मिस्त्रींच्या झेंड्यावर रेघा, सरांच्या झेंड्यावर ठिपके. रेघांचं सरकार आलं की मिस्त्री खूश आणि सर छिद्रं शोधायला बसणार. ठिपक्यांचं आलं की उलट. निवडणुकीच्या दिवसांत टाकीच्या एका कोपऱ्यावर रेघा फडकायच्या आणि दुसऱ्यावर ठिपके. मिस्त्री आपला झेंडा लावायला चढायचे तेव्हा सर मला धरायचे. सर चढायचे तेव्हा मिस्त्री. नको असलेला झेंडा वर जाण्यासाठी आपणच खाली उभं राहून जोर लावायचा, यात दोघांनाही कधी काही विचित्र वाटलं नाही. शिडी डुगडुगते म्हटल्यावर दुसरं करणार काय?

वाद मात्र जोरात चालायचे. एकदा सर माझ्यावर चढून टाकीला रंग देत होते. मिस्त्री खालून काहीतरी बोलले, ठिपकेवाल्यांच्या एका पुढाऱ्याबद्दल. सर उत्तर द्यायला गर्रकन वळले. हातातला रंगाचा डबा त्यांच्याआधी वळला, आणि मिस्त्री आठ दिवस डोक्याला फडकं बांधून कामावर गेले. त्या दिवशी नियम ठरला. शिडीवर माणूस आहे तोवर खालच्यानं उलट बोलायचं नाही. वरचा काय वाटेल ते बोलू दे, उत्तर द्यायचं ते तो खाली उतरल्यावर.

नियमाचा परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता असा झाला. दोघंही चढायला उत्सुक.

"टाकी घाण झालीय, मी चढतो."

"परवाच तर घासली."

"तुला काय कळतंय, शेवाळ धरलंय."

वर गेलं की निवांत बोलायला मिळायचं ना. सर तर टाकीचं झाकण पुसता पुसता अर्धा तास शिक्षणावर बोलायचे, आणि मिस्त्री खाली मला घट्ट धरून, ओठ दाबून, मनात मुद्दे मोजत उभे. सर उतरायचे आणि म्हणायचे, "हं, बोल आता." मग मिस्त्रींची पाळी. त्या काळात आमच्या टाकीइतकी स्वच्छ टाकी सगळ्या गल्लीत नव्हती.

लोक म्हणतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत राजकारण सोडून काय ते बोलावं. मला या सल्ल्याचा भयंकर राग येतो. का सोडायचं? पाणी कुठून येणार, पोरं कुठे शिकणार, रस्ता कुणाच्या दारावरून जाणार, हे सगळं राजकारण नाही तर काय आहे? ते सोडलं तर उरतं हवापाणी आणि गुडघेदुखी. माझ्या दोघांनी काही सोडलं नाही, म्हणून तर मला ते आवडायचे.

आणि मग दोन वर्षांपूर्वी शाळा बंद करण्याचा आदेश आला.

सर निवृत्त झाले होते तरी शाळा त्यांचीच होती. पोरं कमी झाली होती हे खरं, जेमतेम बारा. सरकार रेघांचं. आदेशात लिहिलं होतं की मुलांनी पलीकडच्या मोठ्या शाळेत जावं. सर त्या संध्याकाळी भिंतीपाशी आले तेव्हा मी भिंतीलाच टेकून उभी होते. मिस्त्री पलीकडून चहाचा कप भिंतीवर ठेवून उभे.

"बारा पोरांसाठी तीन शिक्षक आणि एवढी मोठी इमारत," मिस्त्री म्हणाले. "जरा विचार कर. तिकडे प्रयोगशाळा आहे, मैदान आहे. बसनं नेणार आहेत."

"सहा वर्षांचं पोर तासभर बसमध्ये बसणार?"

"बसेल की. आपली पोरं चिखलातून चालत गेली."

"चालत गेली, कारण शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती."

इथवर सगळं नेहमीचं होतं. मी मजेत ऐकत होते. पण त्या दिवशी कुणीच माझ्यावर चढलेलं नव्हतं, त्यामुळे नियमही नव्हता.

"हे बघ," मिस्त्री म्हणाले, "तुझ्या आठवणी जपायला सरकारनं शाळा चालवायची का?"

सरांचा चेहरा उतरला.  मग जे बोलले ते त्यांनाही नंतर ऐकवलं नसतं. "तू असंच बोलणार. टेकडीवरच्या पाइपलाइनचं काम तुला मिळालंय ना. माणसाचं तोंड बंद करायला तेवढं पुरतं."

मिस्त्रींनी कप उचलला. चहा अर्धा होता, तो झाडाच्या बुंध्याशी ओतला.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही आत जा, सर. गार वारा सुटलाय."

तुम्ही. तीस वर्षं ज्याला 'ए भूगोल' अशी हाक मारली त्याला 'तुम्ही'. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी मिस्त्री भिंतीपाशी येऊन अदबीनं म्हणाले, "सामाईक वस्तू वेगळ्या केलेल्या बऱ्या, असं मला वाटतं. आपलं काय मत?"

"आपण म्हणाल तसं," सर म्हणाले.

फावडं मिस्त्रींना, पाण्याची झारी सरांना. मग मी. 'शिडी तूच ठेव, मला नको,' असं कुणीतरी म्हणेल अशी मला आशा होती. पण आता दोघांनाही काटेकोर न्याय हवा होता. माझ्या पायऱ्या अकरा. सरांनी पट्टी काढली, मिस्त्रींनी टेप काढला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही मापं जुळली. मध्य बरोबर सहाव्या पायरीवर. ती पायरी उपटून काढली आणि तिच्या भोकांवरून मला कापायचं ठरलं.

कापणं एकट्याचं काम नव्हतं. एकानं करवत चालवायची, दुसऱ्यानं मला घट्ट धरायचं.

"जरा इकडून दाबता का?"

"हो, हो. आपण सावकाश घ्या, हाताला लागेल."

मला दुभागताना दोघं इतकी काळजी घेत होते की हसावं की रडावं कळेना. शेवटी मी दोन झाले. खालचा भाग, पाच पायऱ्या आणि तो आखूड पाय, मिस्त्रींकडे. वरचा भाग, पाच पायऱ्या, सरांकडे. सहावी पायरी कुणाचीच नव्हती, ती भिंतीवर ठेवली. दोघांच्या बायकांनी दुसऱ्या दिवशी ती दोन कुंड्यांच्या मध्ये अडकवली आणि त्यावर फडकी वाळत घालायला सुरुवात केली. दोन्ही घरांची. त्यांच्यात काही वेगळं झालं नव्हतं.

"यांचं काय करायचं हो वहिनी?" मिस्त्रींच्या बायकोनं एकदा विचारलं.

"वाळू द्या," सरांच्या बायको म्हणाल्या. त्या फडक्यांबद्दल बोलत होत्या की नवऱ्यांबद्दल, कोण जाणे.

कापलं गेल्याचा एक फायदा मात्र झाला. मी दोन्ही घरांत पोचले. आधी भिंतीपाशी उभी राहून बाहेरचं तेवढं ऐकायचे, आता आतलंही दिसू लागलं.

सरांनी मला ओसरीत टेकवलं. ते सकाळी पेपर वाचायचे, बातमीवर बोट ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "हे वाचलंस का रे?" मग पेपराची घडी घालायचे. संध्याकाळी त्यांचे ठिपकेवाले मित्र येऊ लागले. सर एक वाक्य बोलायचे आणि चौघं माना डोलवायचे. "अगदी बरोबर." "वा, सर." पहिल्या आठवड्यात सरांना छान वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ते मध्येच थांबून विचारू लागले, "पण यावर कुणी असं म्हणू शकेल की..." आणि आशेनं चौघांकडे पाहायचे. कुणी काही म्हणायचं नाही. सर जांभई द्यायचे.

तिकडे मिस्त्रींच्या स्वयंपाकघरात माझ्या पायऱ्यांवर डबे मांडले होते. मिस्त्री जेवताना बातम्या लावायचे. रेघांचा मंत्री बोलत असायचा. मिस्त्री खूश होऊन मान हलवायचे, आणि मग घास हातात धरून बारीक आवाजात म्हणायचे, "आता विचारेल, हा आकडा कुठून आणला?" थोडं थांबून स्वतःच उत्तर द्यायचे. ते उत्तर त्यांनाच पटायचं नाही. मग सरांच्या बाजूनं आणखी एक प्रश्न. एकदा तर स्वतःशीच हरले आणि ताट तसंच ठेवून उठले.

"अहो, जा ना एकदा पलीकडे," बायको म्हणाली.

"मी विकला गेलोय असं म्हणाला तो," मिस्त्री म्हणाले. "बाकी काहीही म्हणू दे. माझ्या मताला मूर्ख म्हणू दे, रोज म्हणतोच. पण ते मत माझं नाहीच, असं म्हणाला."

आणि भिंतीच्या अलीकडे सर बायकोला सांगत होते, "शाळा बंद करा म्हणाला असता, तरी मी वाद घातला असता. आठवणी म्हणाला. अठ्ठावीस वर्षं मी काय आठवणी शिकवत होतो?"

मला दोन्ही ऐकू यायचं. पण शिडीला तोंड नसतं, आणि जे आहे ते तुमच्याशी आज पहिल्यांदा उघडतेय. तोडगा समोर दिसत असून सांगता येत नाही, याइतकं जिवाला जाळणारं दुसरं काही नाही. अरे, एकानं एक वाक्य मागे घ्यावं, दुसऱ्यानं एक. मत नका मागे घेऊ, वाक्य घ्या. संपलं.

असे चार महिने गेले. मग एका सकाळी दोन्ही घरांचे नळ कोरडे पडले.

टाकीत पाणी पडायचा आवाज नाही म्हटल्यावर मिस्त्रींना कळलं. टाकीच्या आत एक पोकळ गोळा असतो, पाण्यावर तरंगणारा. पाणी उतरलं की तो खाली येतो आणि टाकीत पाणी सोडणारा नळ उघडतो. तो वरच अडकून बसला होता. वर जाऊन एक धक्का दिला असता तर काम झालं असतं. पण वर जाणार कसं? मी अर्धी होते.

मिस्त्रींनी माझ्यावरचे डबे खाली काढले. स्वयंपाकघरातलं टेबल अंगणात ओढलं, त्यावर मला उभी केली आणि चढू लागले. त्यांचं वय साठीला टेकलेलं. पहिल्या पायरीलाच माझा आखूड पाय वाजला. टक. मी मनातल्या मनात म्हटलं, उतरा. टक टक. दुसरी पायरी, तिसरी. टेबल चार बोटं सरकलं.

त्याच वेळी भिंतीच्या पलीकडे सरांनी माझा वरचा भाग एका स्टुलावर ठेवला होता आणि एक पाय पायरीवर टाकला होता. नळाचं त्यांना काडीचं कळत नाही, पण घरात पाणी नव्हतं. तेवढ्यात त्यांना तो आवाज ऐकू आला. तीस वर्षं ऐकलेला. सरांनी भिंतीवरून पाहिलं. मिस्त्री पाचव्या पायरीवर, दोन्ही हात टाकीच्या खांबाला, आणि मी त्यांच्या पायांखालून निघण्याच्या बेतात.

सरांनी भिंत ओलांडली. कशी, ते मला विचारू नका. सदरा कुंडीत अडकून काखेपर्यंत फाटला, सहावी पायरी ठणठणत खाली पडली, फडकी चिखलात गेली. मी घसरलेच. मिस्त्रींचा गुडघा खांबावर सणकून आपटला. आणि तेवढ्यात चार महिन्यांनी ते दोन हात माझ्यावर आले. डुगडुग थांबली.

"हलू नकोस," सर म्हणाले.

"हलतोय कोण?" वरून मिस्त्री म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कोण आहे खाली?"

"मी आहे."

 मिस्त्रींना ना वर जाता येत होतं ना खाली. गुडघा वाकत नव्हता. तो ठणका उतरेपर्यंत तसंच उभं राहावं लागणार होतं.

"मी वर आहे," मिस्त्री म्हणाले.

"दिसतंय."

"नियम लक्षात आहे ना?"

सरांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

मग मिस्त्री बोलले. खांबाकडे तोंड करून, कारण मान वळवायची सोय नव्हती. "टेकडीवर पाणी नव्हतं. बायका खालून वर डोक्यावर हंडे नेत होत्या. पंचवीस वर्षं मी ते बघितलं. तुझ्या ठिपकेवाल्यांनी दोनदा वचन दिलं. यांनी पाइप टाकले. ते काम मला नसतं मिळालं, दुसऱ्या कुणाला मिळालं असतं, तरी मी यांनाच मत दिलं असतं. त्या कामासाठी मी खांद्यावरून पाइप वाहिलेत. तू माझा खांदा बघितलायस, मलम तूच आणून दिलंस. आणि तूच म्हणालास, तोंड बंद केलं म्हणून." ते थांबले. "एवढंच. आणि तुझ्या आठवणी म्हणालो मी. माझी मुलगी त्याच शाळेत तुझ्या हाताखाली शिकली. ते विसरलो नव्हतो. जीभ पुढे गेली, मी मागे राहिलो."

नियमाप्रमाणे सरांना बोलायचंच नव्हतं. पण त्यांच्या हातांची पकड मला कळत होती.

आवाज ऐकून दोघांच्या बायका बाहेर आल्या. एकीनं कपाळाला हात लावला. दुसरी म्हणाली, "तुमचं सगळं बोलून झालं की सांगा. घरात पिण्याचं पाणी नाहीये."

सरांनी मिस्त्रींना एकेक पाय धरून उतरवलं. टेबलावर बसवलं. गुडघा बटाट्याएवढा सुजला होता.

"हं, बोल आता," मिस्त्री म्हणाले.

"नाही," सर म्हणाले. "मीही वर जाऊनच बोलणार."

कपडे वाळत घालायची दोरी आली. माझा वरचा भाग भिंतीवरून आणला, खालच्यावर थोडा चढवला आणि दोरीनं करकचून बांधला. टेबलावर ठेवल्यावर कशीबशी टाकीपर्यंत पोचले. लंगड्या गुडघ्यानं मिस्त्री मला धरून उभे राहिले, आणि सर, ज्यांना नळ उजवीकडे फिरवायचा की डावीकडे हेही ठाऊक नाही, ते चढले.

"शाळेबद्दल बोलायचं तर," सर वरून म्हणाले.

"आधी झाकण काढ."

"नियम आहे. तू बोलायचं नाहीस."

"राजकारणाचं नाही बोलत. झाकणाचं बोलतोय."

"फक्त नळाचं बोलायचं."

"नळाचंच. हात घाल आत. गोळा लागला?"

"लागला. तर माझं म्हणणं असं की बारा पोरं हा आकडा नाही..."

"खाली दाब."

"...बारा घरं आहेत ती. त्यांतल्या चार घरांत..."

"हळू, दांडा मोडशील. आता सोड."

"...आई सकाळी सहाला कामावर जाते. बसपर्यंत सोडणार कोण? मी आठवणींसाठी बोलत नव्हतो. मी त्या चार घरांसाठी बोलत होतो. हे तुला नीट सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तुझ्या कष्टांवर थुंकलो. चुकलो मी, मिस्त्री."

टाकीत पाणी पडायला लागलं. मोठा आवाज येतो त्याचा, रिकाम्या टाकीत. त्या आवाजात मिस्त्री काही म्हणाले का, ते वर ऐकू गेलं नसेल. मला ऐकू आलं. ते म्हणाले, "ही चार घरं मला माहीत नव्हती."

सर उतरले. दोघं टेबलावर बसले, मध्ये पाण्याचा तांब्या.

"तरी शाळा बंद करणं बरोबरच आहे," मिस्त्री म्हणाले.

"चूक आहे," सर म्हणाले.

"पण बस दारापर्यंत यायला पाहिजे. ते मी आमच्या लोकांना विचारतो."

"विचारून काय होणार? तुझे लोक ऐकणार आहेत का?"

"तुझे तर सत्तेतच नाहीत. ए भूगोल, पाणी दे इकडे."

मिस्त्रींनी विचारलं. बस दारापर्यंत नाही आली, पण कोपऱ्यापर्यंत आली, आणि चार घरांतली पोरं सकाळी सरांच्या ओसरीत बसू लागली, बस येईपर्यंत. सर त्यांना नकाशे दाखवतात. शाळा मात्र बंदच झाली. माझं माहेर गेलं. त्याचं दुःख मला आहे, आणि त्याबाबत मी सरांच्या बाजूनं आहे, हे इथे सांगून टाकते. पण पाण्याच्या बाबतीत मी मिस्त्रींच्या बाजूनं आहे. माझ्या पायऱ्या त्यांच्याच पाइपच्या आहेत.

मला जोडायचं काम पुढच्या रविवारी झालं. सहावी पायरी धुऊन जागेवर बसवली आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या ठोकल्या. आता मला कंबरपट्टा आहे. त्याच वेळी सर म्हणाले, "आलोच आहोत तर पायाचाही निकाल लावू. लांब आहे तो कापू."

"कापू," मिस्त्री म्हणाले. तीस वर्षांचा वाद त्यांनी एका शब्दात सोडून दिला. सरही चपापले.

मिस्त्रींनी टेप लावला. एकदा मापलं, पुन्हा मापलं, खूण केली. करवत घेतली. सर खुणेकडे पाहत होते. त्यांनी पट्टी हातात घेतली होती, ती तशीच खाली ठेवली. मिस्त्रींनी कापलं.

मला उभी केली. मी डुगडुगले. आता उजवा पाय बोटभर आखूड.

"जास्त कापलं गेलं वाटतं," मिस्त्री म्हणाले.

"होतं असं," सर म्हणाले.

मिस्त्री चाळीस वर्षं पाइप कापतायत. भिंतीच्या आतला सांधा ते डोळे मिटून जुळवतात. त्यांचं माप एका बोटानं चुकतं, यावर माझा विश्वास नाही. पण मी कुणाला काही बोलले नाही.

आता मी म्हातारी झालेय. कंबरपट्ट्यापाशी ऊन लागलं की लाकूड करकरतं. पुढे कधीतरी कुणीतरी नवी हलकी शिडी आणेल, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी, जिला धरायला कुणी लागत नाही. आणा खुशाल. एवढंच सांगते की ती आणाल तेव्हा तिचा एक पाय जरासा कापून घ्या.

आज सकाळी पुन्हा निवडणुकीची गडबड आहे. मिस्त्री रेघांचा झेंडा खांद्यावर टाकून माझ्याकडे येतायत, आणि भिंतीवरून हाक गेलीय.

"अरे भूगोल, येतोस का? झेंडा लावायचाय."

"आलो. चप्पल तरी घालू दे." सर आले, दोन्ही हातांनी मला धरलं, आणि वर बघून म्हणाले, "चढ. आणि घट्ट बांध तुझा तो झेंडा. मागच्या वेळी वाऱ्यानं उडून माझ्या अंगणात आला होता, घडी घालून आणून द्यावा लागला."

मिस्त्री पहिल्या पायरीवर आहेत. त्यांनी बोलायला सुरुवातही केलीय. सर ओठ दाबून मुद्दे मोजतायत, आणि मी गप्प आहे, अजिबात वाजत नाहीये.